बोर्ड बदलण्याआधी टीव्ही एकदा फोनच्या हॉटस्पॉटला जोडून पाहा

आपण लिहिल्याप्रमाणे, कोथरूडच्या घरी गेल्या आठवड्यात नवा फायबर राउटर बसला. तेव्हापासून घरातील सर्व फोन आणि लॅपटॉप व्यवस्थित चालत आहेत, मात्र २०१८ साली घेतलेला टीव्ही पासवर्ड घेतो, थोडा वेळ चक्र फिरवत राहतो आणि शेवटी जोडणी झाली नाही असे सांगतो. पाहायला आलेल्या तंत्रज्ञाने टीव्हीचा बोर्ड बदलावा लागेल असे सांगितले आहे. माझ्या मते तूर्त बोर्डावर एक रुपयाही खर्च करू नये. जुन्या राउटरवर शेवटच्या दिवसापर्यंत चालणारा टीव्ही नेमका राउटर बदलला त्याच दिवशी बिघडावा, हे मला पटत नाही.

आधी एक साधी गोष्ट करावी. रिमोटने बंद केलेला टीव्ही खऱ्या अर्थाने बंद होत नाही, म्हणून त्याची पिनच सॉकेटमधून काढावी, राउटरही बंद करून पुन्हा सुरू करावा, राउटरचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि मगच टीव्ही लावावा. एवढ्याने काम झाले तर उत्तमच.

न झाल्यास खरी परीक्षा हॉटस्पॉटची. आपल्या फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर हॉटस्पॉट सुरू करावा आणि त्याच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा बँड, म्हणजे वाय-फायच्या लहरींचा पट्टा, निवडावा. आयफोन असेल तर सुसंगतता वाढवण्याचा पर्याय सुरू करावा, म्हणजे तोही याच बँडवर येतो. टीव्ही या हॉटस्पॉटला जोडला गेला आणि एखादा व्हिडिओ मिनिटभर चालला, तर टीव्हीतील वाय-फायचा भाग शाबूत आहे हे सिद्ध झाले आणि बोर्डाचा विषय तिथेच मिटला.

माझा अंदाज आहे की तो जोडला जाईल. मग राउटरच्या सेटिंगमध्ये जावे. त्याचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, आणि लॉगिनचा तपशील राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. तिथे सर्वप्रथम वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार पाहावा. डब्ल्यूपीए३ हा प्रकार २०१८ मध्येच जाहीर झाला आणि २०२० च्या मध्यापासून नव्या प्रमाणित उपकरणांना तो सक्तीचा झाला. त्यामुळे आपल्या टीव्हीला तो ठाऊक नसण्याचीच शक्यता अधिक. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ एकत्र चालवणारा मिश्र पर्याय असतो खरा, पण काही जुनी उपकरणे त्यावरही अडखळतात. पासवर्ड अचूक असूनही तो चुकीचा असल्याचे किंवा जोडणी फसल्याचे सांगणारा टीव्ही पुष्कळदा इथेच अडलेला असतो. निव्वळ डब्ल्यूपीए२ आणि एईएस (माहिती सांकेतिक करण्याची पद्धत) ठेवून पाहावे.

दुसरा संशयित म्हणजे बँड. नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि कोणत्या उपकरणाने कुठे बसायचे हे स्वतः ठरवतात. फोनला हे जमते, जुन्या टीव्हीला नेहमीच जमते असे नाही. म्हणून ही सोय बंद करून दोन्ही बँडना वेगवेगळी नावे द्यावीत आणि टीव्ही २.४ वर बसवावा. त्या बँडचा चॅनेल, म्हणजे पट्ट्यातील क्रमांकाचा भाग, १, ६ किंवा ११ यांपैकी एक निवडावा, कारण १२ आणि १३ काही उपकरणांना दिसतच नाहीत. टीव्ही ५ गिगाहर्ट्झ घेणारा असल्यास तिथे ३६ ते ४८ मधील चॅनेल ठेवावा. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात आणि अनेक टीव्ही त्यांच्या वाटेला जात नाहीत. हे बदल केल्यावर टीव्हीतील जुनी नोंद पुसून नव्याने पासवर्ड घालावा. हे बहुतेक जण विसरतात.

जोडणी झाली, पण इंटरनेट नाही, असे दिसू लागले तर प्रकरण वेगळे. आमच्याकडे एका गुरुवारी दुरुस्तीसाठी गेलेली वीज दुपारी परत आली आणि तेव्हापासून टीव्हीवर वाय-फायचे चिन्ह ठळक, मात्र एकही ॲप उघडेना. मी पासवर्ड बदलला, इंटरनेट कंपनीला दोनदा फोन करून तिथल्या मुलाशी वाद घातला, आणि संध्याकाळी सहज पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले तर टीव्हीच्या लेखी अजून २०१५ चा जानेवारी चालू होता. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. घड्याळच कित्येक वर्षे मागे असेल तर आजचे प्रमाणपत्र टीव्हीला ग्राह्य वाटत नाही आणि तो जोडणी नाकारतो. तारीख हाताने दुरुस्त केली आणि सगळे सुरू झाले. त्या मुलाची माफी मागायची मात्र राहून गेली.

टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये दिसणारा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातील त्याचा क्रमांक, १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे. रेंज वाढवण्यासाठी जुना राउटर आतल्या खोलीत तसाच जोडून ठेवला असेल, तर तो काढून पाहावा, कारण पत्ते देण्यातला गोंधळ त्याचाही असू शकतो.

हॉटस्पॉटलाही टीव्ही जोडला गेला नाही, तर मात्र दोष टीव्हीत आहे. पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर अद्ययावत करून पाहावे आणि तेही निष्फळ ठरले तरच फॅक्टरी रीसेट करावा, कारण त्यानंतर सर्व ॲपमध्ये रिमोटने पुन्हा लॉगिन करणे हे मोठे जिकिरीचे काम आहे. वाय-फायचा भाग खरोखरच गेला असला तरी बोर्ड बदलण्याची घाई नको. टीव्हीच्या मागे बहुधा लॅनची, म्हणजे राउटरची तार थेट जोडण्याची, खाच असते. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून हव्या त्या लांबीची कॅट ६ केबल आणावी. बहुतेक टीव्हींची ती खाच १०० एमबीपीएसचीच असते, पण ४के चित्रपटासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस पुरेसे मानते, तेव्हा तिथे काही अडत नाही. भिंतीत केबल नेणे शक्य नसेल तर एचडीएमआयला लागणारी स्ट्रीमिंग स्टिकही बोर्डापेक्षा स्वस्तात पडावी.

हॉटस्पॉटवर काय घडले, टीव्हीचा मॉडेल क्रमांक आणि पडद्यावर येणारा संदेश शब्दशः कळवावा, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल.