पोट तपासताना हाताला काहीच लागत नाही, सर्जरी सोडू का?

प्रश्न : मी कोल्हापुरात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीपीआर रुग्णालयात सर्जरीची पोस्टिंग सुरू आहे. पोट तपासताना माझ्या हाताला काहीच लागत नाही. सर्जरीचा विचार सोडून द्यावा का?

उत्तर : मुळीच नको. निरोगी पोटात हाताला फारसं काही लागत नसतंच. डाव्या बरगड्यांखालची प्लीहा तर दुप्पट-तिप्पट वाढल्याशिवाय लागत नाही. ब्रँचचं इंटर्नशिपनंतर बघता येईल. आता तपासण्याची पद्धत पक्की कर.

रुग्णाला आधी लघवी करून यायला सांग, नाहीतर भरलेलं मूत्राशय गाठ वाटतं. उताणं झोपव, डोक्याखाली एकच उशी. पोट ताठ असेल तर गुडघे दुमडायला लाव. तू उजव्या बाजूला स्टुलावर बस. उभ्यानं तपासलं की बोटांची टोकं रुततात, रुग्ण पोट आवळून धरतो आणि मग खरंच काही लागत नाही. तुझं बहुधा इथंच अडत असावं.

हात लावण्याआधी नीट बघ : फुगवटा, जुन्या ऑपरेशनचे व्रण, खोकल्यावर जांघेत येणारी गाठ. "पोटात दुखालंय" म्हणणाऱ्याला एका बोटानं जागा दाखवायला सांग आणि तिथं हात सगळ्यात शेवटी ने. दाबताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर हवी.

यकृतासाठी पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात कर. श्वास आत घेताना हात स्थिर, सोडताना थोडा वर, बरगडीकडे सरकव. थेट बरगडीखाली हात ठेवणाऱ्यांकडून खूप वाढलेलं यकृतच सुटतं, कारण त्याची कड हाताच्याही खाली, बेंबीच्या बाजूला राहते.

दुखणं कसं सुरू झालं हे विचारल्याशिवाय कारण सापडत नाही. अपेंडिक्सचं दुखणं सहसा बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं. मुतखड्याचा रुग्ण तळमळतो, पोटाचं आवरण सुजलेला हलायलाही घाबरतो. वयस्कर किंवा मधुमेही माणसाच्या वरच्या पोटात दुखत असेल तर ईसीजी काढायलाच हवा, कारण तो हार्ट अटॅक असू शकतो. मूल होण्याच्या वयातल्या बाईची, पाळी चुकलेली नसली तरी, गरोदरपणाची चाचणी हवीच. गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत वाढणारा गर्भ फुटला तर जिवावर बेततं.

निवासी डॉक्टरांना विचारून, रुग्णाची परवानगी घेऊन रोज दोन-तीन पोटं तपास. काय लागलं ते वहीत लिही, आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यानंतरच उघड.