छाटणीच्या आत युरोप

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार. मी, सौ., धाकटे बंधू आणि त्यांच्या सौ. असे चौघं येत्या सप्टेंबरात युरोपला निघायचं म्हणतोय. हाताशी २१ रात्री आहेत, ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत घरी पोचायलाच हवं. टूर कंपनीबरोबर जायचं नाही. पहाटे उठवून बसमध्ये कोंबतात म्हणे. यादी अशी केलीय : पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, इंटरलाकेन, ल्युसर्न, झुरिक, इन्सब्रुक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम आणि परत पॅरिसहून विमान. बंधूंचं म्हणणं, पॅरिसलाच गाडी भाड्यानं घ्यायची आणि सगळं गाडीनंच करायचं. गोवा, हैदराबाद, कन्याकुमारी आम्ही गाडीनंच केलंय. सौ. म्हणतात, रेल्वेच बरी. तुम्ही सांगाल ते अंतिम.
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : भाऊ, निकाल माझ्या गळ्यात टाकून घरातली शांतता राखलीत, हुशार आहात. निकाल वहिनींच्या बाजूनं लागतोय. पण बंधूंनाही पाच दिवस गाडी मिळेल, रुसायचं कारण नाही.

आधी यादीला कात्री लावू. २१ रात्रींत १३ शहरं म्हणजे दीड-दोन दिवसाआड बॅगा भरायच्या, हॉटेल सोडायचं, स्टेशन गाठायचं, नव्या गावात पत्ता शोधायचा. आणि तिथं दुपारी दोन-तीनच्या आत खोली मिळत नाही. टूर कंपनी जे करते तेच तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःला करणार. विरळणी तुम्हाला मी काय शिकवायची? माझी यादी अशी : पॅरिस ४ रात्री, इंटरलाकेन ६, व्हेनिस २, टस्कनी (फ्लोरेन्सच्या आसपासचा प्रांत) ५, रोम ४. झाल्या २१. व्हिएन्ना आणि साल्झबर्ग पुढच्या खेपेला. ब्रसेल्स कायमचं राहिलं तरी माझी हरकत नाही.

विमानाचं तिकीट जाताना मुंबई-पॅरिस, येताना रोम-मुंबई असं काढा. बुकिंग करताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडायचा. उगाच पॅरिसला परत जाण्यात एक अख्खा दिवस घालवू नका.

व्हिसाचं मात्र नीट ऐका. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे करायचा असतो. तुम्ही उतरणार फ्रान्समध्ये, पण ११ रात्री इटलीत आहेत. म्हणजे अर्ज इटलीकडे. (मुक्काम सारखेच भरले असते तर जिथून आत शिरणार तो देश.) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटची मारामारी असते, तेव्हा एप्रिलपासूनच मागे लागा. विमा किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय खर्चाचा हवा. हॉटेलं मात्र विनाशुल्क रद्द करता येतील अशीच धरा, व्हिसा हातात येईपर्यंत पैसे अडकवू नका.

आता रेल्वे. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून बासेलला वेगवान गाडी तीनेक तासांत जाते, तिथून इंटरलाकेन ओस्ट दोन तास. इंटरलाकेन ते व्हेनिस जाताना श्पिट्स आणि मिलान इथं गाडी बदला. वाटेत १९०६ साली सुरू झालेला सिंप्लॉनचा बोगदा लागतो. ही तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. सगळ्या युरोपचा रेल्वे पास मी तुम्हाला सुचवणार नाही : प्रवास मोजकेच आहेत, आणि फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असूनही जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावंच लागतं. स्वित्झर्लंडचा पास ही वेगळी गोष्ट. तो सलग सहा दिवसांचा मिळतो, त्यात रेल्वे, बस, तळ्यातल्या बोटी, रिगीचा डोंगर, म्युरेन गावापर्यंतची चढण, सगळं आलं. ल्युसर्न त्याच पासवर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे, तिथं मुक्काम कशाला? युंगफ्राऊयोख या बर्फातल्या उंच रेल्वे स्टेशनाला मात्र पासवर नुसती सवलत मिळते. त्या तिकिटाची घाई करू नका. सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र मोबाइलवर बघा, ढग असतील तर त्या दिवशी बोटीत बसा. सहा रात्री धरल्यात त्या एवढ्याचसाठी. ते स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. गाडीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं सावकाश चाला, बंधूंना आवर्जून सांगा.

बॅगांबद्दल वहिनींशी मीच बोलले असते, पण तुम्हीच सांगा. हमाल नाही. डब्याच्या पायऱ्या चढवायची, रॅकवर टाकायची, बदलीच्या स्टेशनवर दहा मिनिटांत दुसऱ्या फलाटावर न्यायची, सगळं आपणच. माणशी एक मध्यम बॅग, जी स्वतःला उचलता येईल. डब्याचं दार आपोआप उघडेल म्हणून वाट बघत उभे राहू नका, बटण दाबावं लागतं. व्हेनिसला मेस्त्रे स्टेशन आधी येतं; तिथं उतरायचं नाही, पुढच्या सांता लुचियाला उतरायचं. बाहेर पाऊल टाकलं की समोर रस्त्याच्या जागी पाणी.

आता भाड्याच्या गाडीचं सांगते. पॅरिसला घेऊन रोमला सोडायची म्हटलं तर एका देशातली गाडी दुसऱ्या देशात सोडल्याचा भुर्दंड जबर असतो, कधी कधी भाड्याइतका. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर टोलचा ४० फ्रँकचा स्टिकर, इटलीत टोल, शहरात पार्किंगचे ताशी दर, आणि व्हेनिसमध्ये तर गाडी शहराच्या तोंडाशीच सोडावी लागते. गाडी हवी ती टस्कनीत, कारण तिथल्या खेड्यांत रेल्वे जात नाही. व्हेनिसहून रेल्वेनं फ्लोरेन्सला या, स्टेशनजवळून ट्राम पकडून विमानतळावर जा आणि गाडी तिथून घ्या. शहराच्या मध्यातल्या ऑफिसातून घेऊ नका. फ्लोरेन्सच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे. पाटीवर लाल कड्याचं पांढरं वर्तुळ असतं, वर रोमन अक्षरांत झेड-टी-एल. पोलीस अडवत नाही, कॅमेरा फोटो काढतो. दंडाची नोटीस काही महिन्यांनी दिंडोरीला येते, वर गाडीवाली कंपनी नाव-पत्ता कळवल्याचे पैसे कार्डावरून वेगळे कापते. टस्कनीतल्याच सिएना शहरातही तीच तऱ्हा. गाडी वेशीबाहेरच्या पार्किंगला लावायची आणि चालत आत जायचं.

गाडी ऑटोमॅटिक मागून घ्या, न सांगता गिअरवालीच देतात, आणि उजव्या हातानं गिअर टाकायचा म्हटलं की पहिला दिवस त्यातच जातो. चार माणसं, चार बॅगा; लहान गाडीत मावत नाहीत. कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं आणि क्रेडिटच हवं. सर्कलमध्ये आधीपासून फिरणाऱ्याला वाट द्यायची. नाशिकच्या मुंबई नाक्यावर जो आधी घुसेल त्याचं राज्य, तसं तिथं चालत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना दोघांनीही काढा : परिवहनच्या वेबसाइटवर अर्ज, पेठ रोडचं आरटीओ, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही जवळ हवं. दोघांची नावं करारात घाला, कारण तुमच्यापैकी एक जण वाइन चाखणार आणि दुसरा चालवणार. चाखून चालवायचं मनात आणू नका.

मुक्काम फ्लोरेन्स-सिएना दरम्यानच्या किआंती भागात, 'आग्रितुरिस्मो'त करा. हे शेतावरचं घर. तिथल्या कायद्यानं ते चालवणारा खरोखरचा शेतकरीच असावा लागतो, शेती मुख्य आणि पाहुणे जोडधंदा. सप्टेंबरात तिथं सांजोवेझे जातीच्या काळ्या द्राक्षांची तोडणी सुरू होते. तुमच्यासारखा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा मांडव दिसणार नाही. उतारावर सरळ उभ्या तारा, वेल छातीइतकी, घड खाली आणि पानं वर. आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवा की आम्हीही बागायतदार आहोत, तोडणी बघू द्या. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रवासात याच पाच दिवसांची तुम्ही वर्षभर चर्चा करणार. ग्रेव्हे गावावरून सिएनाला जाणारा २२२ नंबरचा रस्ता धरा, महामार्ग नको.

आणि एक ताकीद. आवडलेल्या वेलीची काडी बॅगेत घालून आणायचा मोह होईल. आणू नका. आयात परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, आणि कारणही तसंच आहे : अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाची कीड एकोणिसाव्या शतकात युरोपात शिरली आणि बागाच्या बागा उखडाव्या लागल्या. आजही तिथं वेल त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटावर, म्हणजे मुळांच्या भागावर, कलम केलेली असते. खुंटाचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं सत्तरीचे, शाकाहारी. मुलाकडे पॅरिसला महिनाभर जातोय. सोबत खायला काय न्यावं?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : काकू, तूप, पेढे, बर्फी, पनीर काहीही नको. बाहेरच्या देशातले दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला नेता येत नाहीत. ताजी फळं-भाज्याही नकोत, कढीपत्त्याची जुडीसुद्धा. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, चिवडा खुशाल न्या, मात्र पाकीट बंद आणि वर नाव लिहिलेलं. मेतकुटाच्या पिवळ्या पुडीवर लेबल नसेल तर कस्टमवाल्याला ते काय आहे हे समजावण्यात अर्धा तास जाईल. डाळ-तांदूळ नेऊ नका. पॅरिसला गार द्यु नोर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात तमिळ लोकांची दुकानं आहेत, तूरडाळीपासून शेवग्याच्या शेंगांपर्यंत सगळं मिळतं. मुलाला पहिल्याच रविवारी तिकडे न्यायला सांगा.