सर्व्हिसिंगनंतर आवाज वाढलाय? आधी कूलरच्या चार पिना बघा

"दुकानातून साफ करून आणला आणि तेव्हापासून पीसी मिक्सरसारखा ओरडतोय" हे तुमचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. माझंही अगदी हेच झालं होतं.

धूळ, जाळ्या वगैरे सोडून देतो, ते तुम्ही बघितलंच असेल. माझ्याकडे इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणारा कूलर आहे, म्हणजे प्रोसेसरवर बसून त्याला थंड ठेवणारा पंखा, प्लास्टिकच्या 4 पिनांवर बसणारा. दुकानात तो काढला आणि परत लावताना एक पिन मदरबोर्डात पूर्ण गेलीच नाही. एका कोपऱ्यात कूलर नखभर उचललेला. प्रोसेसर तापतोय, म्हणून पंखा कायम फुल स्पीडवर.

मी दोनदा पीसी उचलून तिथे नेला. दोन्ही वेळा उत्तर एकच: "पंखे जुने झालेत, बदलून घ्या." झाकण उघडून कोणी बघितलं नाही. मी ऐकलं, कॅबिनेटचे 3 पंखे बदलले, अडीच हजार गेले आणि आवाज जसाच्या तसा. आजही संताप होतो, कारण प्रोसेसरचं टेम्परेचर बघायला एक मिनिट पुरतं. बायॉस, म्हणजे पीसी सुरू होतानाच उघडता येणारी सेटिंगची स्क्रीन, उघडलं की समोरच असतं. माझं तिथे काहीही न चालवता 88 अंश होतं!

म्हणून आत्ता काहीही विकत घेऊ नका, ते रंगीत दिव्यांचे पंखे तर नकोतच. बायॉसमध्ये 40-50 असेल तर कूलर ठीक असावा. 80 च्या पुढे असेल तर पीसी बंद करा, वायर काढा आणि एकेक पिन बोटाने हलवून बघा. सैल सापडली तर नुसती दाबून भागवू नका. कूलर काढा, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट पुसा, वाटाण्याएवढी नवी लावा आणि तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीने दाबा. प्रत्येकीचा 'टक' आवाज आलाच पाहिजे.

मी टेक्निशियन नाही, हा माझ्या मशीनचा अनुभव. एएमडीचे कूलर स्क्रूवर किंवा क्लिपवर बसतात, तिथे हे लागू नाही. वॉरंटीचं सील असेल तर आधी विचारून घ्या. पॉवर सप्लाय मात्र अजिबात उघडू नका, वायर काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

आणि टेम्परेचर बरोबर असून नुसती घरघर असेल तर हार्ड डिस्कचे स्क्रू तपासा. सैल डिस्कमुळे अख्खा पत्रा थरथरतो.

बायॉसमधला आकडा आणि कूलरचा फोटो टाका. फोटो वरून नको, बाजूने काढा, उचललेला कोपरा बाजूनेच दिसतो.