हीट नंबर आणि तुझी वही

बेळगाव

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तू पत्रात कामांची यादी ठेवायच्या चार ॲपांची नावे लिहिली आहेस आणि एकही टिकले नाही म्हणून स्वतःला दोष दिला आहेस. तो दोष तुझा नाही. एकाच आठवड्याची कामे चार ठिकाणी विखुरली की कोणत्याच यादीवर मन विसंबत नाही, आणि मन विसंबत नाही ती यादी कोणी उघडून पाहत नाही.

इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून भाग ओतण्याच्या कारखान्यात, मी उमेदवारी करत होतो. भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक खेपेच्या लोखंडाला तिथे वेगळा हीट नंबर देत, कारण कार्बन आणि सिलिकॉनचे प्रमाण दर खेपेला थोडे बदलते. तोच नंबर कास्टिंगवर, म्हणजे ओतलेल्या भागावर, आणि चाचणीच्या नमुन्यावर असला, तर वर्षभराने एखादा भाग तडकला तरी तो कोणत्या ओतकामातला हे सांगता येते. ही नोंद ओतताना करायची असते. मी ती पाळी संपल्यावर आठवून करत असे. एकदा दोन हीटच्या नोंदींची अदलाबदल झाली आणि दोन्ही खेपांचा माल पुन्हा तपासावा लागला. त्या दिवसापासून माझ्या खिशात वही आहे.

तूही एकच वही ठेव, आणि काम सुचेल त्या क्षणी, तारखेसह, तिच्यात लिही. ठरावीक वेळेला बांधलेली गोष्ट, म्हणजे परीक्षा, मुलाखत, फी भरण्याची मुदत, तेवढी फोनच्या कॅलेंडरमध्ये जाऊ दे, कारण वही हाक मारत नाही. मात्र ‘प्रोजेक्ट’ असा नुसता शब्द लिहू नकोस. ‘मंगळवारी दुपारी ग्रंथालयात पहिल्या प्रकरणाची आकृती काढणे’ असे लिही. अपुरे काम डोक्यात घोळत राहते, पण ते कसे करायचे याची नेमकी योजना केली की ते घोळणे कमी होते, असे मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांना २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. माझाही अनुभव तोच आहे.

वही रोज पाहायची सवय कशी लावावी, हे तू विचारले आहेस. तू खानापूरहून रोज बसने येतेस. बसमध्ये जागा मिळाली की पहिल्यांदा वही उघडायची, असे आजच ठरव. ‘अमुक झाले की तमुक करीन’ असा संकल्प मोघम निश्चयापेक्षा अधिक वेळा पाळला जातो, हे पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पोमोडोरोची रीत अभ्यासाला वापरून पाहा. जमली नाही तर खुशाल सोडून दे.

कागदपत्रांची व्यवस्था मात्र टाळू नकोस. आपल्या सीमाभागात एकाच माणसाचे नाव रेशन कार्डावर कन्नडमध्ये, शाळेच्या दाखल्यावर मराठीत आणि गुणपत्रकावर इंग्रजीत असते. कुठे वडिलांचे नाव पूर्ण, कुठे नुसते आद्याक्षर, कुठे आडनावच नाही. एका अक्षराच्या फरकाने शिष्यवृत्तीचे अर्ज अडकलेले मी पाहिले आहेत. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक कागदाचे नाव आणि त्यावर तुझे नाव जसे छापले आहे तसे, अक्षर न बदलता, उतरवून ठेव. कन्नड लिपीतले नाव वाचायला जड जात असेल तर जाणकाराकडून तपासून घे. स्कॅन केलेल्या फाइलींना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे नाव दे, जसे ‘२०२५-०७-१४ उत्पन्न दाखला’. म्हणजे त्या आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात आणि जुना दाखला चुकून पुढे जात नाही.

नाड कचेरीत, म्हणजे आपल्या भागातल्या महसूल कार्यालयात, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जाशील, तेव्हा पोचपावतीवरचा अर्ज क्रमांक खिडकीपाशी उभी असतानाच वहीत लिही, घरी येऊन नव्हे. ते शेवटचे पान भरले की त्याचा फोटो मला पाठव. कुठे फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज आपण दोघे बसून लिहू.

तुझा,
काका