वाचक विचारतात : कुलाबा किल्ल्याची वाट

प्रश्न : ओहोटी पाहून अलिबागला गेलो, तरी कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर कमरेएवढं पाणी! दिवस अष्टमीचा होता. चुकलं काय?

उत्तर : वेळ बरोबर होती, तिथी चुकली. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, तसंच फार ओसरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ते खूप मागे जातं, पण तेव्हा पूर्ण ओहोटी येते पहाटे आणि सांजवेळी, म्हणजे किल्ला बघायला गैरसोयीचीच. सोयीच्या तिथी द्वितीया ते चतुर्थी, शुद्ध असो की वद्य.

हिशोब कोळीवाड्यातला : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती; त्यापुढे सहा तासांनी, नऊला ओहोटी. पाऊण तास इकडेतिकडे धरा. नऊची ओहोटी असेल तर साडेसातला पाण्यात पाय घाला आणि दहाच्या आत परतीला लागा. पाणी वळलं की आधी वाळूतले खळगे भरतात. समोर कोरडं दिसतं, पण मागची वाट बुडालेली असते. किल्ल्यालगतच्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, अनवाणी गेलात तर तळवे कापतील. पावसाळ्यात हा हिशोब विसरा, जाऊच नका.

प्रश्न : तटाच्या दगडांत चुना दिसत नाही. पडून गेला का?

उत्तर : नाही, तो भरलाच नव्हता. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरून विरतं, त्यामुळे तटाला बसणारा तडाखा कमी होतो. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधकाम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. महादरवाज्यावरचे मोर, हत्ती, कमळं घाईत चुकवू नका. आतलं गणेश पंचायतन 1759 चं, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं.

प्रश्न : चाकांच्या तोफा कान्होजी आंग्र्यांच्या का?

उत्तर : फोटोखाली तसं लिहिणारे पुष्कळ भेटतात. कान्होजी 1729 मध्ये वारले. तोफेच्या गाड्यावरचा इंग्रजी मजकूर वाचा : यॉर्कशायरचा कारखाना, साल 1849.