अमेरिकेला गेलेल्या नॉर्वेजियन स्थलांतरितांची पत्रं वाचायला घेताय? आधी एवढंच करा

फार छान विषय निवडलात! फक्त आडनावामागे धावू नका, नवखे तिथेच अडकतात. ओले हान्सन म्हणजे हान्सचा मुलगा ओले; त्यापुढचं नाव बहुधा शेतवाडीचं. कुटुंबानं वाडी बदलली की तेही बदलायचं. म्हणून पत्रातलं गाव, तारीख आणि वाडीचं नाव आधी टिपा. मग नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'डिजिटालआर्किवेट' या संकेतस्थळावर चर्चच्या नोंदी मोफत पाहा.

- पाकिटं पत्रांपासून वेगळी करू नका.
- उतारवयात लिहिलेल्या आठवणींतली सालं नोंदींशी ताडून घ्या. माणसं आणि त्यांची घालमेल मात्र तिथेच भेटते.

मूळ पत्रांतलं जुनं गॉथिक हस्ताक्षर वाचायला शिकणं आत्ताच नको. १९२५ साली स्थापन झालेल्या नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशननं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरांपासून बिनधास्त सुरुवात करा.