कटऑफ व्हॅन डर वाल्सला चालतो, विद्युतभाराला नाही

शहाद्याच्या ताई, तुमचं म्हणणं असं की बारा बेस-जोड्यांच्या डीएनएचं सिम्युलेशन (अणूंची हालचाल पायरीपायरीने मोजणं) कॉलेजातल्या साध्या संगणकावर रखडतंय. मग पीएमई (लांबचं विद्युतबल मोजायची पद्धत) बंद करून व्हॅन डर वाल्स (अणूंमधली क्षीण ओढ) आणि कुलोम (विद्युतभारांमधलं बल) ही दोन्ही बलं १० अँगस्ट्रॉमवर (एक नॅनोमीटर) तोडली, म्हणजे कटऑफ लावून त्यापलीकडे मोजलीच नाहीत, तर चालतील का?

कुलोम बल तोडू नका. जळगावात मी शिकत होतो तेव्हा हेच केलं होतं. मे महिना, त्यात लोडशेडिंग, लवकर संपवायची घाई. सिम्युलेशनमधल्या दोन नॅनोसेकंदांत डीएनएची वेटोळी उसवली आणि मी महिनाभर फोर्स फील्डला (बलं मोजायच्या सूत्रांच्या आणि आकड्यांच्या संचाला) दोष देत बसलो. चूक कटऑफची होती.

हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजतात ना, त्या जाळाची धग चार पावलांवर संपते. व्हॅन डर वाल्सचं आकर्षण तसंच, अंतराच्या सहाव्या घाताने घटतं. पाण्याच्या दोन ऑक्सिजनमध्ये १० अँगस्ट्रॉमवर ते ०.००१ किलोकॅलरी प्रति मोलच्याही खाली येतं. तेवढ्याच अंतरावर निर्वातात दोन एकक भारांमधली ऊर्जा मात्र ३३ किलोकॅलरी असते, आणि खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा जेमतेम ०.६. पाणी हा जोर साधारण ऐंशी पटीने दाबतं हे खरं, पण ते दाबण्यात लांबच्या पाण्याचाही वाटा असतो आणि कटऑफ लावून आपण तोच काढून टाकतो. शिवाय अंतर वाढेल तसे तेवढ्या अंतरावरच्या गोल कवचातले अणू अंतराच्या वर्गाने वाढतात. एकेकाचं बल घटलं तरी बेरीज घटत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ एवाल्डने १९२१ मध्ये यावर सुंदर तोड काढली. प्रत्येक भाराभोवती उलट भाराचा पसरट ढग धरायचा. मग जवळचा भाग लवकर शून्यावर येतो, तो थेट मोजायचा. उरलेला भाग गुळगुळीत असतो, तो फूरिये बेरजेने (लाटांच्या बेरजेने) काढायचा. डार्डन, यॉर्क आणि पीडरसन यांनी १९९३ मध्ये हीच बेरीज जाळीवर बसवली, तीच पीएमई (पार्टिकल मेश एवाल्ड). १९९५ मध्ये तिच्या जोरावर डीएनए नॅनोसेकंदभर स्थिर राहिलेला दिसला.

वेळच वाचवायचा तर हायड्रोजनला जोडणाऱ्या बंधांची लांबी कायम ठेवून काळाची पायरी २ फेम्टोसेकंदांची करा, पाण्याची पेटी घनाकृतीऐवजी कोपरे छाटलेली अष्टफलकी घ्या. पीएमईच्या जाळीचं अंतर १.२ अँगस्ट्रॉम पुरे. तुमच्या डीएनएवर २२ ऋण भार आहेत (टोकांना फॉस्फेट नसेल तर), म्हणून २२ सोडियम आयन घालाच. नाहीतर पीएमई पेटीभर एकसारखा धन भार पसरून हिशेब जुळवते. आणि अजून एक गोष्ट: अँबर, ओपीएलएस अशा दोन फोर्स फील्डचे आकडे एकत्र कालवू नका. तीन बंध दूर असलेल्या अणूंसाठी अँबर विद्युतबल १.२ ने आणि व्हॅन डर वाल्स २ ने भागतं, ओपीएलएस दोन्ही निम्मी करतं.

टोकाची एखादी जोडी उघडमीट करताना दिसली तर घाबरू नका, खऱ्या डीएनएतही ते होतं. मधल्या जोड्या सुटल्या तर लॉग फाइल इथे टाका, मी बघतो.